फली होमी मेजर आणि भारतीय हवाई दलातील नेतृत्वपरंपरा

दिनांक ३१ मार्च २००७ रोजी एअर चीफ मार्शल फली होमी मेजर यांनी एअर चीफ मार्शल त्यागी यांच्याकडून भारतीय हवाई दलाच्या प्रमुखपदाची सूत्रे स्वीकारली. दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. म्हणजे साडेचौऱ्याहत्तर वर्षांच्या वाटचालीत हेलिकॉप्टरच्या वैमानिकास हे पद प्रथमच मिळाले. पुढे ३१ मे २००९ रोजी मेजर सेवानिवृत्त झाले. त्यांच्यानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये एअर चीफ मार्शल अमरप्रीत सिंग यांची नेमणूक होईपर्यंत सात अधिकारी या पदावर आले आणि ते सर्व लढाऊ विमानांचे वैमानिक होते. तेव्हा मेजर यांची नेमणूक ही पहिली होती, तशीच ती त्या काळापर्यंत एकमेवही राहिली.

संस्थांचा इतिहास लिहिताना ‘पहिला’ या शब्दाचा मोह फार असतो. पहिला कुलगुरू, पहिला न्यायाधीश, पहिला सेनापती असे म्हटले की जणू एका युगाचा अंत होऊन दुसरे सुरू झाले असे आपण गृहीत धरतो. हे गृहीत तपासून घेतले पाहिजे. मेजर यांच्या नेमणुकीने दलाची विचारपद्धती बदलली काय? की विचारपद्धती बदलण्यापूर्वीच दलाचे काम बदलले होते आणि त्या बदललेल्या कामाचा एक प्रतिनिधी क्रमाक्रमाने सर्वोच्च पदापर्यंत पोहोचला? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार त्यांच्या सेवाकालाच्या आधारे करावयाचा आहे. ‘मेजर’ हे त्यांचे आडनाव आहे, हुद्दा नव्हे, हेही आरंभीच नमूद केलेले बरे.

१. परंपरेचे स्वरूप

हवाई दलाच्या नेतृत्वाची जी परंपरा २००७ पर्यंत चालत आली, तिचे मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. अर्जन सिंग यांनी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर पहिल्या स्क्वाड्रनचे नेतृत्व केले. प्रतापचंद्र लाल यांनी त्याच आघाडीवर व्हेंजन्स जातीची बाँबफेकी विमाने चालविली. स्वातंत्र्योत्तर काळात प्रमुखपदी आलेले मराठी अधिकारी, म्हणजे हृषीकेश मुळगावकर, लक्ष्मण माधव कात्रे आणि अनिल यशवंत टिपणीस, हेही लढाऊ विमानांचेच वैमानिक होते. प्रमुखपदाकडे जाणारी वाट लढाऊ विमानाच्या आसनावरून जाते, हा संकेत कोणत्याही नियमात लिहिलेला नव्हता; तरीही तो नियमाइतकाच पाळला जात असे.

या संकेतामागे एक सैद्धांतिक भूमिका होती. इटालियन सेनानी जुलिओ दुहे यांनी १९२१ साली आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, आकाशावर प्रभुत्व मिळविणे हेच हवाई दलाचे आद्य कार्य होय आणि ते स्वतंत्र दलाकडूनच साधेल. जगातील बहुतेक हवाई दलांनी आपले स्वतंत्र अस्तित्व याच भूमिकेवर उभे केले. जे दल आकाशातील प्रभुत्वासाठी आहे, त्याचा सेनापती शत्रूच्या विमानाशी झुंजलेला असावा, हे मग ओघानेच येते. माणसे व माल वाहून नेणारा वैमानिक या दृष्टीने साहाय्यक ठरतो.

परंतु भारतीय हवाई दलाचा स्वतःचा आरंभ या भूमिकेशी जुळणारा नाही. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीनजीक ड्रिग रोड येथे जी पहिली तुकडी उभी राहिली, तिच्याजवळ चार वापिटी विमाने होती आणि तिचे काम भूसेनेशी सहकार्य करण्याचे होते. वायव्य सरहद्दीवरील टेहळणी आणि पायदळास साह्य यांतच तिची आरंभीची वर्षे गेली. पुढे दलाचे पहिले भारतीय प्रमुख झालेले सुब्रोतो मुखर्जी या पहिल्या पिढीतील होते. म्हणजे जे काम पुढे दुय्यम मानले गेले, त्याच कामातून हे दल जन्मास आले होते. ही गोष्ट मेजर यांच्या चरित्राचा विचार करताना विसरता येत नाही.

२. हेलिकॉप्टरचा भारतीय अनुभव

भारतीय हवाई दलात हेलिकॉप्टर आले ते १९५४ साली, सिकोर्स्की एस-५५ या अमेरिकन यंत्राच्या रूपाने. त्यानंतर १९६० च्या सुमारास सोव्हिएत रशियाकडून एमआय-४ येऊ लागले. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी ईशान्य सीमेवर जेथे रस्ता नव्हता आणि धावपट्टीही नव्हती, तेथे रसद पोहोचविणे व जखमींना मागे आणणे ही कामे हेलिकॉप्टरांनी केली. ज्या सीमांवर भारतास पुढील काळात सैन्य ठेवावयाचे होते, त्यांचा भूगोलच या यंत्राची गरज निर्माण करीत होता.

१९७१ च्या युद्धात या यंत्राचा दुसरा उपयोग दिसून आला. लेफ्टनंट जनरल सगत सिंग यांच्या चौथ्या कोअरपुढे मेघना नदी आडवी पसरली होती आणि तिच्यावरील पूल शत्रूने निकामी केला होता. त्या वेळी एमआय-४ हेलिकॉप्टरांनी ९ डिसेंबरपासून फेऱ्यांमागून फेऱ्या करून सैन्य पलीकडे नेले. ढाक्याकडील वाट त्यामुळे मोकळी झाली. या घटनेचे महत्त्व असे की, येथे हेलिकॉप्टर केवळ रसद वाहत नव्हते. सेनापतीच्या योजनेतच त्याने बदल घडवून आणला.

तिसरा टप्पा सियाचीनचा. १३ एप्रिल १९८४ रोजी ‘ऑपरेशन मेघदूत’चा आरंभ झाला, तो चीता हेलिकॉप्टरांनी कुमाऊं रेजिमेंटच्या चौथ्या बटालियनमधील एक तुकडी बिलाफोंड ला या खिंडीजवळ उतरवून. त्या तुकडीचे प्रमुख कॅप्टन संजय कुलकर्णी होते. सहा हजार मीटरच्या आसपास हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने निम्म्याच्या जवळपास येते. इंजिनाची शक्ती घटते आणि फिरणाऱ्या पात्यांना आधार देणारी हवाही विरळ होते. अशा ठिकाणी वैमानिकास किती ओझे घ्यावे याचा हिशेब किलोग्रॅममध्ये करावा लागतो. सियाचीनवरील सैनिकाचे जगणे या हिशेबावर अवलंबून राहिले, आणि तेही युद्धापुरते नव्हे, तर वर्षानुवर्षे.

याचा अर्थ असा की, १९५४ ते १९८४ या तीस वर्षांत हेलिकॉप्टर हे दलाच्या नित्य कार्याच्या केंद्रस्थानी येत गेले होते. प्रतिष्ठेची उतरंड मात्र पूर्वीचीच होती. प्रशिक्षणाच्या एका टप्प्यावर वैमानिकांची लढाऊ, वाहतूक आणि हेलिकॉप्टर अशा शाखांत विभागणी होत असे आणि त्या विभागणीबरोबरच प्रत्येकाच्या महत्त्वाकांक्षेची मर्यादाही बहुधा आखली जात असे.

३. मेजर यांचा सेवाकाल

फली होमी मेजर यांचा जन्म २९ मे १९४७ रोजी सिकंदराबाद येथील पारशी कुटुंबात झाला. हवाई दलात त्यांना ३१ डिसेंबर १९६७ रोजी अधिकारपद मिळाले. त्यांच्यापूर्वी पारशी समाजातील अस्पी इंजिनिअर यांनी १९६० ते १९६४ या काळात प्रमुखपद भूषविले होते. परंतु ते लढाऊ परंपरेतील होते. मेजर यांची वाट प्रारंभापासून निराळी पडली. एकूण सेवाकालात त्यांनी साडेसात हजारांहून अधिक तास उड्डाण केले. ईशान्येकडील डोंगराळ व अरण्यमय प्रदेश आणि उत्तरेकडील अत्युच्च हिमप्रदेश अशा परस्परभिन्न भूप्रदेशांत हे उड्डाण झाले.

जुलै १९८७ मध्ये भारतीय शांतिसेना श्रीलंकेत गेली. तेथील मोहिमेत भाग घेतलेल्या एमआय-१७ हेलिकॉप्टरांच्या एका तुकडीचे नेतृत्व मेजर यांच्याकडे होते. ही मोहीम हेलिकॉप्टरच्या इतिहासातील एक कठोर धडा आहे. ११ व १२ ऑक्टोबर १९८७ च्या मध्यरात्रीच्या सुमारास जाफना विद्यापीठाच्या आवारात एमआय-८ हेलिकॉप्टरांनी सैनिक उतरविण्याचा प्रयत्न केला. शत्रूला या बेताची आधीच चाहूल लागलेली होती. जबर गोळीबारात पुढील फेऱ्या थांबवाव्या लागल्या आणि तेथे उतरलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या तीस जवानांपैकी एकोणतीस मारले गेले. एक कैद झाला. वैमानिकांच्या धैर्याबद्दल कोणास शंका नव्हती. परंतु सदोष माहितीवर आधारलेली योजना यंत्राच्या वेगाने किंवा चालकाच्या कौशल्याने सावरता येत नाही, हे तेथे सिद्ध झाले. भूसेना आणि हवाई दल यांनी योजना एकत्र बसून आखली पाहिजे, हा विचार त्या पिढीतील हेलिकॉप्टर-वैमानिकांनी ग्रंथांतून घेतलेला नव्हता. त्यामागे असे अनुभव होते.

४. परवाणूची घटना

मेजर यांचे नाव जनसामान्यांस माहीत झाले ते ऑक्टोबर १९९२ मधील परवाणू येथील सुटकेमुळे. हिमाचल प्रदेशातील या गावी दरीवरून जाणारा ‘टिंबर ट्रेल’ नावाचा रज्जुमार्ग आहे. १३ ऑक्टोबर रोजी त्याचा ओढदोर तुटला आणि पाळणा घसरत जाऊन दरीच्या मध्यावर लोंबकळत राहिला. पाळण्यावरील सेवकाने उडी टाकली व तो मृत्यू पावला. दहा प्रवासी आत अडकून पडले.

सुटकेचे काम हवाई दल आणि भूसेनेची पॅराशूट तुकडी यांच्याकडे सोपविण्यात आले. उत्तर प्रदेशातील सरसावा येथून आलेल्या एमआय-१७ हेलिकॉप्टरचे सारथ्य ग्रुप कॅप्टन मेजर यांच्याकडे होते. पाळण्यावर उतरण्याची जोखीम भूसेनेचे मेजर आयव्हन जोसेफ क्रास्टो यांनी पत्करली. या कामातील अडचण तांत्रिक दृष्ट्या समजून घेण्यासारखी आहे. एमआय-१७ च्या पात्यांच्या वर्तुळाचा व्यास सुमारे एकवीस मीटर असतो. इतक्या मोठ्या पात्यांतून खाली जाणारा वारा लोंबकळणाऱ्या पाळण्यास हेलकावे देऊ शकतो. म्हणून हेलिकॉप्टर फार खाली आणता येत नाही. ते वर ठेवले, तर सोडलेला दोर रज्जुमार्गाच्या तारांत गुंतण्याचे भय. शिवाय खाली खोल दरी असल्यामुळे जमिनीजवळ तरंगताना हवेचा जो जादा आधार मिळतो, तो येथे नव्हता. आणि यंत्र जागच्या जागी स्थिर आहे की नाही हे ठरविण्यासाठी लागणारी निकटची खूणही नव्हती. अशा स्थितीत यंत्र पुनःपुन्हा एकाच बिंदूवर स्थिर धरावयाचे होते.

१४ ऑक्टोबर रोजी क्रास्टो पाळण्यावर उतरले आणि काही प्रवाशांना एकेक करून वर घेण्यात आले. अंधार पडल्यावर काम थांबवावे लागले. क्रास्टो रात्रभर उरलेल्या प्रवाशांसमवेत पाळण्यातच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीच्यांची सुटका झाली आणि दहाही जण सुखरूप बाहेर आले. क्रास्टो यांना कीर्तिचक्र आणि मेजर यांना शौर्यचक्र देण्यात आले.

या घटनेकडे केवळ साहसकथा म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. आमच्या मते तिचे महत्त्व अन्यत्र आहे. लढाऊ वैमानिकाचे शौर्य मोजण्याची रीत ठरलेली आहे : शत्रूची किती विमाने पाडली, कोणते लक्ष्य उद्ध्वस्त केले. परवाणूस शत्रू नव्हता आणि काहीही उद्ध्वस्त करावयाचे नव्हते. तेथे दोन दलांचे दोन अधिकारी एका दोराच्या दोन टोकांशी होते, आणि एकाच्या हाताच्या स्थैर्यावर दुसऱ्याचा जीव अवलंबून होता. राष्ट्राने या कृतीस शौर्य म्हणून मान्यता दिली, म्हणजे सैनिकी गुणाची व्याख्या त्या मानाने विस्तृत केली. मात्र सैनिकी नेतृत्वाच्या व्याख्येत हा विस्तार त्या वेळी उतरलेला नव्हता.

५. संयुक्त कार्यालयापासून प्रमुखपदापर्यंत

२००१ साली तिन्ही सेनादलांचे एकात्मिक संरक्षण मुख्यालय स्थापन झाले. त्या मुख्यालयात मोहिमांच्या संयोजनाची जबाबदारी मेजर यांच्याकडे असतानाच २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीची आपत्ती कोसळली. कार निकोबार येथील हवाई दलाचा तळ समुद्राने धुऊन नेला. तेथील कर्मचारी व त्यांचे कुटुंबीय मिळून शंभरहून अधिक माणसे गेली. अंदमान-निकोबार बेटे, तामिळनाडूचा किनारा आणि शेजारची श्रीलंका व मालदीव इतक्या विस्तृत क्षेत्रात तिन्ही दलांचे साह्यकार्य एकाच वेळी चालवावयाचे होते. नव्या मुख्यालयाची ही पहिली मोठी परीक्षा होती. तिच्यात आकाशातील प्रभुत्वाच्या सिद्धांताचा काही उपयोग नव्हता. कोणत्या बेटावर काय उतरविता येईल, कोणास प्रथम हलवावे, जहाज आणि विमान यांचा मेळ कसा घालावा, हे प्रश्न होते. हेलिकॉप्टर-वैमानिकाच्या शिक्षणाचे हेच तर विषय.

त्यानंतर ते शिलाँग येथील पूर्व हवाई विभागाचे प्रमुख झाले. ज्या ईशान्य प्रदेशात अनेक ठाणी हवाई रसदीवर जगतात, तेथील विभागाची सूत्रे अशा अधिकाऱ्याकडे जाणे स्वाभाविकच होते. या पदावरून ते प्रमुखपदी आले.

येथे एका शंकेचा विचार केला पाहिजे. भारतीय सेनादलांत प्रमुखाची निवड बहुतांशी ज्येष्ठतेनुसार होते आणि वयाची बासष्ट वर्षे किंवा तीन वर्षांचा कार्यकाल यांतील जे आधी येईल ते निवृत्तीस कारण होते. मेजर यांचे वय नेमणुकीच्या वेळी एकोणसाठ वर्षे दहा महिने होते; म्हणून त्यांना दोन वर्षे दोन महिनेच मिळाले. तेव्हा त्यांची नेमणूक हे जन्मतारखांच्या गणिताचे फलित आहे, असे कोणी म्हणेल. यात तथ्य आहे; पण ते अर्धेच आहे. ज्येष्ठतेचे गणित वरिष्ठ श्रेणीत पोहोचलेल्यांनाच लागू होते. हेलिकॉप्टरचा अधिकारी एअर मार्शल होऊन एका लढाऊ विभागाचे आधिपत्य करू शकतो, ही गोष्ट गणिताने घडविलेली नव्हती. ती निवडीच्या अनेक पायऱ्यांवर घडली होती. योगायोग असलाच तर शेवटच्या पायरीवर होता.

प्रमुखपदाच्या काळाविषयी एक अपेक्षा अशी होती की, हेलिकॉप्टरचा माणूस लढाऊ अंगाकडे दुर्लक्ष करील. घडलेल्या गोष्टी याउलट आहेत. ऑगस्ट २००७ मध्ये १२६ मध्यम वजनाच्या बहुउद्देशीय लढाऊ विमानांसाठी निविदा काढण्यात आल्या. ऑगस्ट २००८ मध्ये सुखोई-३० विमाने अमेरिकेतील ‘रेड फ्लॅग’ या सरावात प्रथमच उतरली. मे २००९ मध्ये हवेतून पूर्वसूचना देणारे पहिले ‘फाल्कन’ विमान दलात दाखल झाले. या योजनांचा आरंभ बव्हंशी त्यांच्यापूर्वी झालेला होता आणि त्यांचे श्रेय एका व्यक्तीस देणे अनैतिहासिक होईल. परंतु ती कार्ये अडली नाहीत, एवढे निश्चित.

त्याचबरोबर दळणवळणाच्या अंगाकडे या काळात लक्ष दिले गेल्याचे दिसते. ३१ मे २००८ रोजी लडाखमधील दौलत बेग ओल्डी येथील धावपट्टीवर ए. एन.-३२ विमान उतरले. त्रेचाळीस वर्षे ही धावपट्टी अशा विमानांच्या वापरात नव्हती. त्याच वर्षी सहा सी-१३० जे वाहतूक विमानांचा करार झाला आणि डिसेंबरमध्ये ८० एमआय-१७ व्ही-५ हेलिकॉप्टरांचा. दरम्यान २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर दहशतवाद्यांचा हल्ला झाला. २८ नोव्हेंबरच्या सकाळी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरातून राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो दोराने कुलाब्यातील नरिमन हाऊसच्या छतावर उतरले. दाट वस्तीच्या शहरात, इमारतींच्या गर्दीत, यंत्र स्थिर धरण्याचे हे तेच कसब होते, जे सोळा वर्षांपूर्वी परवाणूच्या दरीत लागले होते.

६. तुलना आणि निष्कर्ष

ही घटना केवळ भारतीय नव्हती, हेही लक्षात घ्यावे. ऑगस्ट २००८ मध्ये अमेरिकन हवाई दलाच्या प्रमुखपदी जनरल नॉर्टन श्वार्ट्झ यांची नेमणूक झाली; ते वाहतूक विमाने व विशेष मोहिमा यांच्या परंपरेतील होते आणि लढाऊ वा बाँबफेकी विमानांची पार्श्वभूमी नसलेले तेथील पहिलेच प्रमुख ठरले. २०१३ मध्ये ब्रिटनच्या शाही हवाई दलाची सूत्रे हेलिकॉप्टर-वैमानिक अँड्र्यू पुलफोर्ड यांच्याकडे गेली. तीन देशांत सहा-सात वर्षांच्या अंतराने एकच गोष्ट घडली. अमेरिका व ब्रिटन यांची दले तेव्हा अफगाणिस्तानातील युद्धात गुंतली होती; तेथे शत्रूस हवाई दल नव्हते आणि माणसे हलविणे हेच मुख्य काम होते. भारतात तेच काम हिमनदी, अरण्य आणि आपत्ती यांनी निर्माण केले. कारणे भिन्न, परंतु दिशा एक.

तथापि ही दिशा टिकली असे म्हणता येत नाही. मेजर यांच्यानंतर नागपूरचे प्रदीप वसंत नाईक प्रमुख झाले आणि परंपरा पूर्ववत झाली. २०१२ मध्ये शासनाने नव्याने घ्यावयाची हल्लेखोर हेलिकॉप्टरे भूसेनेकडे देण्याचा निर्णय केला. म्हणजे हेलिकॉप्टर कोणाचे, हा वादही त्यांच्या कारकीर्दीने मिटला नाही.

आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर यावरून असे देता येईल. मेजर यांच्या नेमणुकीने दलाचे स्वरूप बदलले नाही. दलाचे काम त्यापूर्वीच मेघनेच्या तीरावर, सियाचीनवर आणि निकोबारच्या किनाऱ्यावर बदलले होते. नेमणुकीने त्या बदलास एकदा, आणि विलंबाने, मान्यता मिळाली. मान्यता म्हणजे स्थित्यंतर नव्हे. संस्था आपल्या कामात जितक्या लवकर बदलतात, तितक्या लवकर आपल्या आदर्शांत बदलत नाहीत. आणि या दोहोंमधील अंतर मोजण्यासाठी ‘पहिल्या’ व्यक्तीपेक्षा तिच्यानंतर आलेल्यांची यादी अधिक उपयोगी पडते. भारतीय हवाई दलाचा समग्र इतिहास जो अभ्यासक लिहील, त्याने हवाई झुंजींच्या प्रकरणांइतकीच जागा रसद, वाहतूक आणि सुटका यांच्या प्रकरणांस दिली पाहिजे. चार वापिटी विमानांनी भूसेनेच्या साह्यार्थ जे काम आरंभिले, त्या कामाचा धागा फली मेजर यांच्या सेवाकालात अखंड दिसतो; आणि त्या दृष्टीने पाहता दलाच्या परंपरेत ते परके ठरत नाहीत.